ताईची दाद

आमचे भावोजी गाण्याच्या मैफलींचं रेकॉर्डिंग करतात. नुसतं रेकॉर्डिंग नाही हो, घरी आणून ते धुऊन काढतात. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि एकेक खोकला, खुर्चीची करकर, कुणाची तरी वाहवा, तांदळातले खडे निवडावेत तशी वेचून फेकायची.

त्यातला सगळ्यात मोठा खडा म्हणजे आमची ताई. ती बसायची त्यांच्या शेजारीच. गाणाऱ्या बाईंचा स्वर काळजाला भिडला, की हिच्या तोंडून 'आई गं' निघालंच म्हणून समजा. डोळ्यांतून धारा लागायच्या त्या वेगळ्याच. भावोजी लगेच 'श्श' करायचे. घरी आल्यावर बोलणी, आणि मग ते 'आई गं' साफ. 'अहो, नाही आवरत मला,' म्हणायची बिचारी. तिच्या जागी मी असते तर हेडफोन त्यांच्या डोक्यात घातला असता.

ताईला जाऊन वर्ष होत आलं. परवा त्यांनी मला बोलावून घेतलं. घरात भिंतभर गवयांचे आवाज, आणि बायकोच्या आवाजाचा एक तुकडा नाही. फोनवर कधी काही घेतलं नाही, कारण फोनचं रेकॉर्डिंग म्हणजे आवाजाचा अपमान म्हणे. साफ करून झालं की मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, ही यांची शिस्त. घ्या आता.

एखादं तरी 'आई गं' हातून सुटलं असेल म्हणून ते कधीपासून सगळं ऐकत बसले होते. एकही सुटलं नव्हतं. काम फार चोख हो तुमचं, असं मी तोंडावर म्हटलं, आणि म्हटल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. माणूस पार वाळून गेला होता.

एका मैफलीत मात्र बाईंनी वरचा एक स्वर लावलाय, क्षणभर थांबल्यात, आणि तीच जागा पुन्हा घेतलीय. ताईची दाद ऐकूनच घेतली होती ती, मला आठवतंय. आता तिथं नुसती शांतता आहे.

भावोजींनी माइक माझ्यापुढे सरकवला. माझा आवाज हुबेहूब ताईसारखा. फोनवर त्यांचीही फसगत व्हायची.

"धाकटे, एकदा म्हणशील? तिच्यासारखं?"

मला संतापही आला आणि रडूही. असं सांगून निघतं का ते? लावा गाणं, बघू, एवढंच म्हटलं. त्यांनी गाणं लावलं आणि डोळे मिटून घेतले. बाई सावकाश वर चढत गेल्या. खरं सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. तो स्वर लागला आणि थेट पोटातून आलं, "आई गं."

"श्श," भावोजी म्हणाले.

मिटल्या डोळ्यांनीच, जन्माच्या सवयीनं. मग त्यांनी डोळे उघडले, आणि हात तोंडावर गेला.

"बोल," ते म्हणाले. "बोल गं. नाही मी काही म्हणणार."

बघत होते माझ्याकडे, पण बोलत होते ताईशी. गाणं तोवर पुढे निघून गेलं होतं.