पांढऱ्या बुचाची बाटली

तिने कागदाची पट्टी बाटलीत बुडवली, जास्तीचा थेंब काचेच्या काठावर निथळू दिला आणि पट्टी नाकाखाली धरली. डोळे मिटून आधी सगळा श्वास बाहेर सोडला, मग एक छोटा श्वास आत, मग एक लांब. काही नाही. खिडकीशी जाऊन तिने बाहेरची हवा घेतली आणि परत येऊन पुन्हा तेच केलं. काही नाही.

टेबलावर तीन बाटल्या होत्या. लाल बुचाची, निळ्या बुचाची आणि पांढऱ्या बुचाची. सकाळी एक माणूस दारात खोकं ठेवून, बेल वाजवून, ती दार उघडायच्या आत जिना उतरून गेला होता. साबणाच्या कारखान्यात कुठलाही नवा सुगंध ठरायचा असला, की तो आधी सहा जणांच्या नाकांखालून जायचा, आणि त्या सहा जणांत ती होती. एरवी ते सहाही जण प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या खणांत बसून हुंगायचे. आता सगळंच बंद, म्हणून बाईंनी बाटल्या घरोघरी पाठवल्या होत्या. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांची एक जुनी सवय होती. नमुन्यांमध्ये न सांगता एखादी कोरी बाटली घुसडायची, नुसत्या पाण्याची. पुढ्यात बाटली आली की तिच्यात काहीतरी असणारच असं माणसाला वाटतं, आणि एकदा वाटलं की वास येतोच. भलेभले तिथे घसरायचे. ती कधी घसरली नव्हती.

तिसरी पट्टीही खाली ठेवताना तिला हसू आलं. घरी बसून माणसं खरंच हुंगतात की मनाने काहीबाही लिहितात, हे बघायला बाईंनी यावेळी तिन्ही बाटल्या कोऱ्या पाठवल्या होत्या तर. तिने फोनवर तीन शब्द लिहून पाठवले : तिन्ही बाटल्या कोऱ्या.

"काय गं नाकपुडी, लागला का शोध?" आतल्या खोलीतून आत्याने विचारलं.

"बाई माझी फिरकी घेतायत."

"मग तूही घे त्यांची. लिही, फिनेलचा वास येतोय म्हणून."

आत्याने तिला लहानाची मोठी केली होती. आत्याची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, लोकांची बोलणी एकमेकांना जोडून देण्यात गेली. कान अजून तिखट होते आणि जीभ त्याहून. छाती मात्र साथ देत नव्हती. थंडी पडली की दमा उसळायचा आणि आत्या उशीला टेकून बसून रात्र काढायची. या नव्या आजाराबद्दल टीव्हीवर जे जे सांगत होते, त्यातले म्हातारपण आणि छाती एवढे दोनच शब्द तिच्या डोक्यात राहिले होते. आत्याला तिने दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू साबणाने धुतली होती, बिस्किटांचे पुडेसुद्धा.

"पुढच्या वेळी मलाच बादलीत बुडव," आत्या म्हणाली होती.

त्यांचं घर पहिल्यापासून बिनवासाचं. नाक जपायचं म्हणून तिने नोकरी लागल्यापासून घरात अत्तर, उदबत्ती, वासाचा साबण, काही येऊ दिलं नव्हतं. कपडे साध्या सोड्यात, केसांना बिनवासाचं तेल. पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे आलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. तिला ती शाबासकी वाटायची. आणि आता तर बाहेरही तसंच झालं होतं. खाली रस्ता रिकामा. गाड्या नव्हत्या, कोपऱ्यावरची बेकरी बंद होती, गटाराच्या कामावरचे मजूर अर्धा खड्डा तसाच टाकून कुठेतरी निघून गेले होते. सिग्नल मात्र चालू होता. तो रिकाम्या चौकाला थांबवायचा आणि मग सोडायचा. ती गॅलरीत उभी राहून बघायची. हवा किती स्वच्छ झाली, असं सगळेच म्हणत होते. तिला ती स्वच्छ नव्हे, कोरी वाटत होती. जणू कुणीतरी जग पुसून, वाळवून पुन्हा जागेवर ठेवलं होतं. तिला ते आवडलंही होतं.

जेवताना घास तोंडात फिरायचा. पण बातम्या ऐकत जेवणाऱ्या कुणाचा तो त्या दिवसांत फिरत नव्हता? तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याशिवाय आत्याचं जेवण उरकत नसे. तीसुद्धा हल्ली मुकाट्याने जेवत होती. "छान झालंय," म्हणायची, आणि ताट सरकवायची.

त्या दुपारी ती टेबलाशी पट्ट्या कापत बसली होती. दारावर धपाधप थापा पडल्या.

"अहो, आहात का घरात?" खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा आवाज. "काय जळतंय एवढं? जिनाभर वास सुटलाय!"

ती उठली. स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि उंबऱ्यावरच थांबली.

आत सगळं निळसर होतं. धूर छतापासून खाली उतरत खिडकीच्या निम्म्यापर्यंत आला होता आणि त्यात उन्हाची तिरीप गोठल्यासारखी उभी होती. शेगडीवर दुधाचं पातेलं. आतलं दूध केव्हाच संपलं होतं, तळाशी काळा थर तडकत होता. तो बारीक तडतड आवाज ऐकू येत होता. धूर दिसत होता. डोळे चुरचुरायला लागले होते. आणि वास नव्हता. कसलाच. आवाज बंद करून लावलेल्या टीव्हीसारखं ते समोर चाललं होतं आणि ती बघत होती.

"झालं का बंद?" दाराबाहेरून वहिनी ओरडल्या.

"झालं. दूध होतं. सॉरी, वहिनी."

तिने शेगडी बंद केली, खिडकी उघडली. मग मिरपुडीची बरणी उघडून नाकाशी नेली. मग व्हिनेगर. मग कॉफीची पूड. मोरीतल्या फरशी पुसायच्या औषधाची बाटली उघडून तिने नको तितका जोरात श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, नाकात सुई टोचल्यासारखं झालं. पण टोचणं वेगळ्या नसेचं काम आणि वास वेगळ्या नसेचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. टोचणं पोचलं होतं. वास पोचला नव्हता.

तिने आपलं मनगट हुंगलं. स्वतःचं मनगट तिला कधी इतकं परकं वाटलं नव्हतं.

ती आत्याच्या खोलीच्या दारात गेली. आत्या शाल पांघरून रेडिओ ऐकत होती. तिला पाहून आवाज कमी केला.

"काय झालं? वहिनी कशाला बोंबलत होत्या?"

"दूध जळलं. तुला कळलं नाही?"

"डोळा लागला होता जरा."

आत्या नेहमीसारखीच बसली होती. तेच केस, तीच शाल. पण त्या खोलीत शिरताना एरवी आधी जे भेटायचं, जुन्या लोकरीचं, छातीला चोळायच्या मलमाचं, झोपेचं असं काहीतरी, ते नव्हतं. काचेपलीकडे कुणीतरी हुबेहूब आत्या आणून बसवल्यासारखं तिला वाटलं. ती दोन पावलं मागे सरली.

जळकं पातेलं घासायला घेऊन तिने फोन ओट्यावर ठेवला, स्पीकर लावला आणि बाईंना फोन केला.

"बाई, त्या बाटल्या कोऱ्या नव्हत्या ना?"



"का विचारतेस?"

"घरात दूध जळून कोळसा झालं आणि मला वास आला नाही."

"तुम्ही खिडकीकडच्या तिघांनी तेच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "तिन्ही कोऱ्या. मला वाटलं, भरताना घोटाळा झाला. उरलेले नमुने मी यंत्रावर लावून पाहिले. घोटाळा नाही. पांढऱ्या बुचात पाणी आहे. निळ्यात गुलाब, बेताचा. आणि लाल बुचात इतका गुलाब आहे की बूच काढल्याबरोबर खोलीभर व्हावा."

आतल्या खोलीतला रेडिओ बंद झाला.

"आणि चष्मेवाला?" तिने विचारलं. चष्मेवाला पहिल्या खणात बसायचा. "त्याने काय लिहिलं?"

"त्याने काही लिहिलंच नाही. तो दवाखान्यात आहे. काल श्वासाची नळी घातली. त्याची बायको सांगत होती, ताप यायच्या आधी त्याला कॉफीचा वास येईनासा झाला होता. म्हणून दुसरा डबा फोडला, तोही शिळा निघाला म्हणून दुकानदाराशी भांडला."

तिने नळ बंद केला. शेवटच्या दिवशी प्रयोगशाळेत पट्ट्या संपल्या होत्या. नवीन कोण आणणार, म्हणून खिडकीकडच्या रांगेतल्या चौघांनी एकच बाटली हातोहात फिरवली. चष्मेवाल्यापासून सुरुवात. बाटली तोंडाशी आली की आधी सगळा श्वास बाहेर सोडायचा आणि मग हुंगायचं. बाईंनीच शिकवलेला तो नियम. चौघांनी तो काटेकोर पाळला होता.

बाईही बहुधा तेच आठवत असाव्यात. "मी तेव्हा तिथेच उभी होते गं," त्या हळूच म्हणाल्या. मग आवाज सावरून म्हणाल्या, "घरी कोण असतं तुझ्या?"

"आत्या."

"तिला येतो का वास?"

डॉक्टरांचा नंबर लागत नव्हता. तिने तो पुन्हा पुन्हा लावला. मग तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळून ती गॅलरीत गेली आणि खाली वाकून वहिनींना हाक मारली. आपल्याला बरं वाटत नाही, आणि आत्याला आपल्यापासून लांब ठेवायचं आहे, एवढंच सांगितलं.

"दिरांची खोली रिकामीच आहे की," वहिनी म्हणाल्या. "ते कुठे येतायत आता. किल्ली दाराला लावून ठेवते. जेवण मी देईन बाहेरून." मग त्या थांबल्या. "पण आत्यांना काही नाही ना? राग मानू नका. आमच्याकडे मामंजी आहेत, आणि मोरी दोन्हीकडची एकच."

"बघते आणि सांगते."

लाल आणि पांढरी अशा दोन बाटल्या तिने उचलल्या. बुचं काढून खिशात टाकली, बाटल्यांना कागद गुंडाळला. एक स्टूल आत्याच्या दारात ठेवलं, त्यावर पहिली बाटली ठेवली आणि ती पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"आता माझी परीक्षा का?" आत्या म्हणाली.

"काही येतंय का सांग. नसेल येत तर नाही म्हण. मनाने सांगू नकोस."

"मला शिकव तू."

आत्या उठली. दारापर्यंत येताना तिने चौकटीला हात धरला, दम घेतला. मग बाटली उचलून, तिची नक्कल करत डोळे मिटले, श्वास सोडला आणि आत ओढला. बराच वेळ तशीच राहिली.

"गुलाब," आत्या म्हणाली. "ताजा अगदी. दव पडलेला."

ती भिंतीला टेकून उभी होती. खिशात हात घालून तिने एक बूच चाचपलं, बाहेर काढून तळहातावर पाहिलं आणि परत ठेवलं. पांढऱ्या बुचाची, कोरी बाटली आधी द्यायची, ही कामातली रीत. हाताने ती आपोआप पाळली होती.

"आता ही दुसरी," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओढणीतून लांबून आल्यासारखा वाटला.

तिने बाटली स्टुलावर ठेवली आणि मागे झाली. बूच काढल्याबरोबर खोलीभर होणारा गुलाब दोघींच्या मधे उघडा होता. पॅसेजमध्ये काहीच नव्हतं. आत्याने बाटली नाकाला जवळजवळ टेकवली.

"हाही गुलाबच," ती म्हणाली. "पण पहिला जास्त छान होता."

बाटली जागेवर ठेवून तिने शाल घट्ट ओढून घेतली. 

"पास ना मी?"

"पास."

"बघ. उगाच घाबरत होतीस. तुझ्यामुळे मला काहीही झालेलं नाही, कळलं? नाहीतर बसशील आयुष्यभर डोक्यात घेऊन." आत्या पलंगाकडे वळली. बसल्यावर तिला दोन वाक्यांमध्ये थांबावं लागलं. "सांग वहिनींना. जाते मी खाली. औषधाची पिशवी तेवढी दे."

ती गॅलरीत गेली. वहिनी खाली वाटच बघत होत्या.

"वहिनी, किल्ली काढून घ्या दाराची. आत्या इथेच राहील."

"का हो? काय झालं?"

"काही नाही. आणि मामंजींना जिन्यात येऊ देऊ नका. तुम्हीही आमच्या दाराला हात लावलाय, स्वच्छ धुवा."

वहिनींनी वर पाहिलं आणि घाईने आत जाऊन दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज वरपर्यंत आला.

ती आत आली. पॅसेजमधलं स्टूल बाजूला केलं, तोंडाची ओढणी सोडली, घडी केली, दाराच्या मुठीवर टाकली. आत्याच्या कानांवर बाहेरचं अक्षर न् अक्षर गेलं असणार, हे तिला ठाऊक होतं. ती जाऊन पलंगाशी उभी राहिली.

आत्याने का, असं विचारलं नाही. पाय आखडून घेतले आणि तिच्यासाठी जागा केली.