ब्रेकपर्यंतचं अंतर

मिरजेच्या रस्त्याला लागल्यावर माझ्या गाडीचा ब्रेक माझ्यापासून दीड किलोमीटर लांब गेला. क्लच आणि ॲक्सिलरेटरही त्याच्यासोबत गेले. माझा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता, त्यामुळे तोही गेला. गुडघ्याच्या पुढे तो दिसत नव्हता, पण गाडी ऐंशीने चालली होती, म्हणजे पाय कामावर होता.

मागच्या रविवारी क्रिकेटमध्ये माझी बरगडी मोडली. मी अंपायर होतो. खेळणाऱ्या बावीस जणांना काही झालं नाही. डॉक्टर नलवड्यांनी जड गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "ह्या चालू आहेत तोवर गाडी चालवायची नाही." मी मान हलवली. त्यानेही दुखलं. आज सकाळी मात्र गोळी घेतली आणि दुखणं पार थांबलं. दुखत नाही म्हणजे मी बरा, आणि बऱ्या माणसाला डॉक्टरचं सांगणं लागू नसतं. शिवाय धाकट्या बहिणीची, शलाकाची, तलाठ्याची परीक्षा होती. साडेआठला केंद्राचं गेट बंद होणार होतं आणि तिची एसटी चुकली होती.

शलाका शेजारी बसून गोळ्यांचं पाकीट वाचत होती. छापलेलं काहीही दिसलं की ती पाठ करायला घेते.

"दादा, ह्याच्यावर लिहिलंय, गुंगी येते. विचार मंदावतात. वाहन चालवू नये."

"मला गुंगी आलीय का?"

"मगाशी तू मैलाच्या दगडाला नमस्कार केलास."

"ओळखीचा होता."

तिने वाकून माझ्या पायांकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"ब्रेक कुठाय?"

"पुढे गेलाय."

दोन्ही बाजूंचा ऊस आता इतका जवळ आला होता की गाडीचे आरसे आपणहून मिटले. रस्ता गाडीएवढाच उरला. त्याच्या टोकाला रेल्वेचं फाटक पडलेलं दिसलं. फाटकापाशी एकच माणूस उभा होता. सायकलवाला. कॅरिअरवर अंड्यांचे अकरा ट्रे बांधलेले, आमच्याकडे पाठ.

मी पायाला सांगितलं, ब्रेक दाब. सांगणं निघालं. मांडीपर्यंत पोचलेलं मला कळलं. तिथे ते जरा टेकलं.

"दाबलास का?" शलाकाने विचारलं.

"कळवलंय."

तिने हात लांब करून हॉर्न दाबला. तो मागच्या वळणावर वाजला. मग तिने हँडब्रेक ओढला. तो दिवाळीपासून नुसता शोभेला होता.

"तू ना, घरीच मरायचं होतंस," ती म्हणाली. तिने हॉलतिकीट माझ्या खिशात कोंबलं, चपला काढल्या आणि माझ्या सीटपुढच्या अंधारात उतरली.

"पायाच्या कडेकडेने जा," मी सांगितलं. "चुकणार नाहीस."

ती तलाठी होणार होती, त्यामुळे पावलं मोजत गेली. दोनशेपर्यंत मला ऐकू आलं. फाटक आता टपरीएवढं दिसत होतं, मग घराएवढं. सायकलवाल्याच्या शर्टाला मागे ठिगळ होतं. ठिगळाची शिवण होती. शिवणीचे टाके मी मोजू शकत होतो, आणि मोजत होतो, कारण पाय सोडून माझं बाकी सगळं अगदी निवांत होतं.

"दादा, पोचले." आवाज नखाएवढा होता. "तुझा पाय घोरतोय."

"हलव त्याला."

"हलत नाही. बाजूला सारून मीच दाबते." जरा वेळ गेला. "इथे तीन आहेत. कोणता?"

शलाकाला गाडी येत नाही. मी शिकवणार होतो, परीक्षा झाल्यावर.

उत्तर मला माहीत होतं. मधला. तो शब्द डोक्यातून निघालेला मला स्पष्ट कळला. चांगला चालत होता, घाई न करता. घशाच्या उताराला लागला होता.

"दादा, कोणता?"

फाटकापाशी सायकलवाल्याने मान वळवली. आधी माझ्याकडे पाहिलं. मग एक हात मागे नेऊन त्याने सगळ्यात वरच्या ट्रेवर ठेवला, अंडी हलू नयेत म्हणून.