खुशालच्या रेडिओतला व्हॉल्व्ह

"काकाजी, म्हातारी जेवून नाही राहिली जी," फुलचूरच्या शालीकरामने मुका पडलेला रेडिओ टिकारामच्या गोंदियातल्या दुकानात फळीवर ठेवला. "भैय्यालालचं जहाज कधी निघते, कसं समजंन तिले?"

भैय्यालाल त्याचा धाकटा भाऊ, सिंगापुरात कैदेत पडलेला. लढाई संपली आणि तो जिवंत असल्याचे कार्ड आले. तेव्हापासून त्यांची आई रुख्मा रोज संध्याकाळी बातम्यांपुढे बसायची. ती पायांनी अधू, बातम्या ऐकायला गोंदियापर्यंत येणे तिला जमण्यासारखे नव्हते.

टिकारामने रेडिओची मागची फळी काढली. त्याचे दुकान म्हणजे मरायला टेकलेल्या यंत्रांचा दवाखाना. काही म्हणजे काही टाकायचे नाही, हा त्याचा धर्म. उतरलेल्या बॅटऱ्या तो पापडांसारख्या उन्हात मांडायचा आणि त्यांच्याकडून आणखी चार दिवस काम करून घ्यायचा. पण आतला काचेचा व्हॉल्व्ह गेला की तोही हात टेकायचा. लढाईत बंद झालेला नवा माल अजून सुरू झाला नव्हता.

"व्हॉल्व्ह गेला, बेटा. नागपुरातही नाही भेटून राहिला."

हे खरे होते. आणि तसलाच एक व्हॉल्व्ह आतल्या खोलीत, खुशालच्या रेडिओत होता, हेही खरे होते.

खुशाल त्याचा एकुलता एक. मोडक्या रेडिओंतून त्याने स्वतःच्या हाताने तो एक जुळवला आणि मग पलटणीत गेला. ब्रह्मदेशात तो पडल्याची तार आली, तेव्हा त्याची आई जमुनाबाई नवऱ्याला म्हणाली, "तार खोटी हाये." रोज दिवेलागणीला ती रेडिओवरचे फडके काढायची, पोरगा लावायचा तसा तो लावायची आणि ऐकत बसायची. त्यातला भाग कुणासाठी मागितला की एकच उत्तर, "बियानं खात नाहीत." ती केशोरीच्या धानवाल्यांची लेक. तिच्या माहेरी पोटाला चिमटा काढतील, पण बियाण्याने भरलेल्या ढोलीला हात लावायचे नाहीत. टिकारामने तो विषयच सोडून दिला होता.

शालीकराम रेडिओ उचलून पायरी उतरला.

"थांब रे," दारातून जमुनाबाई म्हणाली. ती आत गेली आणि पदरात धरून व्हॉल्व्ह घेऊन आली. "लावा जी याच्यात."

टिकाराम बघतच राहिला. "काऊन वो? बियानं म्हनत होती नं तू?"

"म्हनत होती. पन लय सालं ठेवलेलं बियानं उगवत नाही जी. त्याच्या मायच्या वावरात उगवंन तं उगवू द्या."

तार आल्यापासून, तिने पोराची आस सोडल्याचे हे वाक्य ऐकायची टिकारामला भीती होती. त्याने व्हॉल्व्ह बसवला. रेडिओ खरखरला आणि बोलू लागला. शालीकराम पाया पडायला वाकला, तोवर जमुनाबाई आत निघून गेली होती.

दिवेलागणीला तिने नेहमीसारखे फडके काढले, बटण फिरवले आणि रेडिओपुढे बसली.

"खुशालची माय, बोलत नाही तो आता," टिकाराम म्हणाला.

"मले मालूम हाये."

तोही शेजारी बसला. बातम्यांची वेळ संपल्यावर तिने बटण बंद केले आणि फडके पुन्हा नीट पांघरले.