आधी हात ठेवायचा

"ओरडत नाही ना ती? मग वेळ आहे अजून," हातमोजे बदलता बदलता प्रतिभाताई म्हणाल्या.

नूतन नुकतीच ड्यूटीवर आली होती. जुन्नरच्या पश्चिमेकडचं हे सरकारी रुग्णालय. अलीकडं बागायती गावं, पलीकडं डोंगर. आत येताना तिनं प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकड्यावर एक पोरसवदा बाई पाहिली होती. दोन्ही हातांनी बाकड्याची कड धरलेली, ओठ मिटलेले, नजर समोरच्या भिंतीवर. शेजारी तिची सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"कधी आलात, मावशी?" नूतननं जाता जाता विचारलं होतं.

"पहिल्या गाडीनं," सासू म्हणाली. एवढंच.

आत मात्र नुसता गलका होता. हर्षाली नावाची एका बागायतदाराची सून टेबलावर होती आणि तिच्या किंकाळ्या पार औषधांच्या खिडकीपर्यंत जात होत्या. व्हरांड्यात तिची आई, आत्या, दीर, सगळे फेऱ्या मारत होते. मिनिटामिनिटाला कोणीतरी दार ढकलून विचारत होतं, "सिस्टर, झालं का?" नूतन आणि प्रतिभाताई या दोघी नर्सा आणि डॉक्टर सुनील थोरवे, तिघंही तिच्याभोवती होते. हर्षालीला अजून बराच अवकाश होता, हे तिघांनाही दिसत होतं. पण ओरडणाऱ्या बाईला सोडून जायचं कसं?

"बाहेरच्या बाईला बघून येऊ का?" नूतननं विचारलं.

"डोंगराकडची आहे ती. त्यांना सोसायची सवय असते," प्रतिभाताई म्हणाल्या. त्यात वाईट हेतू नव्हता. डिंगोऱ्याच्या शेतकऱ्याघरची ही बाई, पंधराएक वर्षं याच रुग्णालयात राबलेली. ऊन कडक असतं म्हणावं तितक्या सहज त्या हे बोलल्या.

मग व्हरांड्यातून सासूचा आवाज आला. मोठा नव्हता, पण नूतन धावली. ती पोरसवदा बाई, भागू, बाकड्यावरून घसरून जमिनीवर आली होती आणि बाळाचं डोकं बाहेर दिसत होतं. नाळेचा वेढा गळ्याभोवती घट्ट बसला होता. नूतननं तिथंच गुडघे टेकले. प्रतिभाताई आल्या, डॉक्टर आले. बाळ मुलगा होता. त्याच्या नाकातोंडावर मास्क धरून नूतन श्वास देणारा फुगा दाबत राहिली, डॉक्टर दोन बोटांनी त्याची छाती दाबत राहिले. कितीतरी वेळानं डॉक्टरांनी तिच्या मनगटाला हात लावून तिला थांबवलं.

भागू तेव्हाही ओरडली नाही. तिनं फक्त तोंड भिंतीकडं केलं.

सासूचं नाव साळुबाई. तिनं कोणाला शिवी दिली नाही, कपाळ बडवलं नाही. "बाई, वाईच कोमट पाणी मिळंल का?" एवढंच तिनं नूतनला विचारलं. पाणी आल्यावर तिनं नातवाला मांडीवर घेऊन अंघोळ घातली. कानामागं, बोटांच्या बेचक्यांत, कुठं काही राहू दिलं नाही. पुसता पुसता ती त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती.

"आपलं घर वरल्या अंगाला हाय. दारात हिरड्याचं झाड हाय. तिथनं खाली समदी खाचरं दिसत्यात. तुजा बा तिथंच आसंल बग."

नूतन टॉवेल घेऊन उभी होती. तो टॉवेल पुढं करायचंही तिला सुचलं नाही. या रुग्णालयात तिनं जन्म पाहिले होते, मरणंही पाहिली होती. पण जगात आल्या आल्या निघून गेलेल्याला कोणी त्याचा पत्ता सांगताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं त्या मृत्यूचा आढावा घ्यायला बैठक बसली. डॉक्टर थोरवे थकलेले होते. दोन डॉक्टरांचं काम ते एकटे ओढत होते. "काय करणार? ही माणसं उशिराच येतात," ते म्हणाले. "आपण गावोगाव सांगून दमलो."

"सर, त्या उशिरा आल्या नव्हत्या," नूतन म्हणाली. "मी ड्यूटीवर आले तेव्हा त्या बाकड्यावर होत्या. पहिल्या गाडीनं आल्या होत्या. मी त्यांच्याशी बोलले आणि आत निघून आले."

प्रतिभाताई खुर्चीत तिच्याकडं वळल्या.

"तू आम्हाला दोष देतेयस?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"मी धरून आपण सगळेच, ताई. ती ओरडली असती तर आपण गेलो असतो. आणि डोंगराकडची नसती, तर न ओरडताही गेलो असतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बदलीची हौस आहे का, सिस्टर?" हे ते रागानं बोलले की काळजीनं, ते नूतनला कळलं नाही. बैठक तिथंच संपली. दुसऱ्या दिवसापासून प्रतिभाताईंनी डबा वेगळ्या खोलीत खायला सुरुवात केली. शिपायापासून औषधवाल्यापर्यंत सगळे नूतनशी कामापुरतं बोलू लागले. नूतन मूळची लोणीची. आंबेगावच्या पूर्वेला सपाट रानात वाढलेली. डोंगर तिनं लहानपणी घरून फक्त आभाळाच्या कडेला पाहिलेला. घरी नवरा म्हणाला, "कशाला अंगावर घेतेस?"

सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं साळुबाईच्या गावी गेली.

अंगणात हिरडा वाळत घातला होता. भागू ओसरीवर सुपात नाचणी पाखडत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. नूतननं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या बाया ओरडत का नाहीत, तेच आम्हाला कळत नाही. तुम्ही याल का आमच्या पुढच्या बैठकीला? माझं कोणी ऐकत नाही."

"मी यिऊन काय बोलू? पोर का परत येनार हाय?"

"नाही येणार."

साळुबाई बराच वेळ हिरडा हातानं पसरवत राहिली. मग भागूच बोलली. नूतननं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "जावा, आत्या. माज्या मागनं आनखी कोनतरी त्या बाकड्यावर बसंल."

साळुबाई आली. धुतलेलं हिरवं लुगडं, पायांत नव्या चपला. डॉक्टरांनी खुर्ची दाखवली, ती बसली. सगळ्यांना वाटत होतं, आता ही बाई रडेल किंवा शिव्याशाप देईल. प्रतिभाताई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या.

"बोला, मावशी. तुमची काय तक्रार आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तकरार न्हाई, सायेब. या बाईंनी इचारलं, तुमच्या बाया वरडत का न्हाईत. त्येवढं सांगाया आले." तिनं पदर सारखा केला. "माजी सासू सांगायची, येनारं पोर भेदरल्यालं आसतंय. हिकडं काय हाय, त्येला काय ठावं? आईच वरडाया लागली, तर त्येला वाटंल, कुटं वाईट जागी आलो. म्हनून आमच्या घरात दात धरून बसत्यात. मी बी बसले, भागू बी बसली. पर दुकतंय समद्यास्नी. तुमच्या बायांना दुकतंय त्येवढंच आमाला दुकतंय."

नूतन भिंतीला टेकून ऐकत होती. शाळेच्या सहलीला तिनं पहिल्यांदा जीवधन किल्ल्याचा कडा पायथ्याशी उभं राहून पाहिला होता. मान मागं, आणखी मागं न्यावी लागली होती आणि तरी कडा संपत नव्हता. आज तिला तसंच काहीसं झालं. बाकड्याची कड धरून बसलेली ती मुलगी तिला पुन्हा दिसली. तेवढ्या कळांतही ती स्वतःला नाही, पोटातल्या पोराला सांभाळत होती. आणि आपण त्या गप्प राहण्याचा केवढा सोपा अर्थ लावला.

"मग आम्हाला कळणार कसं, मावशी?" खिडकीकडून प्रतिभाताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात वाद नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं.

साळुबाई उठली, त्यांच्यापाशी गेली. त्यांचा हात धरून तिनं स्वतःच्या पोटावर ठेवला. "आसा हात ठिवायचा. कळ आली की पोट दगडावानी व्हतं. तुमाला तर माज्यापरीस जास्त कळंल, तुमी शिकल्याल्या हायेत. निस्तं यिऊन हात ठिवा, बाई. न बोलता समदं समजतं."

त्या दिवशी भागूच्या पोटावर कोणाचा हात गेला नव्हता, हे खोलीतल्या सगळ्यांना एकदमच समजलं. प्रतिभाताईंनी हात काढून घेतला नाही. त्यांचे डोळे भरून वाहू लागले, तशी साळुबाईच त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली, भागूच्या पाठीवरून फिरवत होती तसाच.

डॉक्टरांनी कोरा कागद पुढं ओढला आणि पेन उघडलं. मग म्हणाले, "सिस्टर, उद्यापासून काय करायचं ते सांगा."

नूतननं सांगितलं. कळा घेऊन आलेल्या बाईला बाहेर बसवायचं नाही. गाव, नाव, कागद सगळं नंतर. आधी हात ठेवायचा. आणि घरची एक बाई तिच्याजवळ आत राहू द्यायची.

सांगणं सोपं होतं. शेवटची गोष्ट तर कोणालाच पटेना. गर्दी होते, मध्ये मध्ये बोलतात, अशी कुरकुर महिनाभर चालली. गडबडीच्या दिवशी जुनी सवय वर यायची. एकदा डोंगराकडची एक ठाकर बाई दारातच ताटकळली, तेव्हा नूतन काही बोलायच्या आत प्रतिभाताईच पुढं झाल्या. तिला आत घेतल्यावर त्या शिपायाला म्हणाल्या, "ते बाकडं उचल इथून. केसपेपरच्या खिडकीपाशी नेऊन टाक. असलं की बसवावंसं वाटतं." त्या दुपारी त्यांनी डबा नूतनच्या समोर आणून उघडला. शेंगदाण्याची चटणी तिच्या ताटात वाढली आणि दोघी एकत्र जेवल्या.

पुढच्या हंगामात आंबेगावच्या आरोग्य कार्यालयातून बोलावणं आलं. पारगावकडं साखर कारखान्यावर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या बायाही दवाखान्यात अशाच शेवटी उभ्या राहतात. तिकडच्या नर्सांना हे सगळं समजावून सांगायचं होतं. डॉक्टर थोरवे नूतनला म्हणाले, "तुम्ही जा, प्रतिभाताईंना न्या. आणि साळुबाई येतात का विचारा. तुमच्या-माझ्या सांगण्यानं ते होणार नाही."

साळुबाई आली. सकाळी जीपमधून जाताना ती काचेला नाक लावून ऊस पाहत होती. एवढं सपाट रान तिनं कधी पाहिलं नव्हतं. "पानी कुटनं येतं वं ह्येला?" तिनं विचारलं, आणि कालव्याचं नाव ऐकून काचेपासून मागं सरली. तो कालवा ज्यातून येतो त्या वरच्या धरणात तिच्या माहेरची खाचरं गेली होती, हे तिनं नंतर सहज सांगितलं.

सभागृह भरलेलं होतं. पांढऱ्या कपड्यांतल्या नर्सा, मागं गावोगावच्या आशाताई, कडेला दोन-तीन डॉक्टर. प्रतिभाताई आधीच आत जाऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या. चपला बाहेर काढून साळुबाई दारात आली. तिला पाहून प्रतिभाताई उभ्या राहिल्या. मग त्यांच्या शेजारची उभी राहिली, मग ती रांग, मग मागच्या रांगा. खुर्च्या सरकल्याचा आवाज भिंतीपर्यंत गेला आणि सगळं शांत झालं.

साळुबाई थबकली. कोणीतरी मोठं माणूस आलेलं दिसतंय म्हणून तिनं मागं वळून पाहिलं, आणि येणाऱ्याला वाट मिळावी म्हणून पदर सावरत ती दाराच्या कडेला सरकून उभी राहिली.