बायको वाचते त्या कमेंटी

वेताच्या खुर्च्या विणणारा तो जन्मापासून आंधळा, पण वीण त्याच्या बोटांना तोंडपाठ होती. बायको त्याच्या हातांचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायची आणि दुपारी जेवणं झाली की लोकांच्या कमेंटी वाचून दाखवायची. कौतुक ऐकून तो फुलून यायचा. एकदा कुणी विचारलं, व्हिडिओ काढतं कोण? पुढच्या व्हिडिओत तो म्हणाला, "धरतं कुणीतरी मोबाईल."

त्या आठवड्यापासून कुणीतरी हात धुऊन त्याच्या मागे लागलं. 'आंधळ्याचं सोंग छान जमलंय.' 'भीक मागायची नवी तऱ्हा.' बायको एका सुरात वाचायची.

"याला उत्तर काय द्यायचं?"

"ट्रोल असतात हो. दुर्लक्ष करायचं," असं म्हणून ती पुढची वाचायची.

त्याचं जेवण तुटलं. वीण चुकायला लागली, उसवून पुन्हा घालताना बोटं सोलवटली. मग एक दिवस तिने वाचलं, 'जन्मल्याबरोबर तुला बापाने नदीत सोडायला हवं होतं.'

हे त्याच्या बापाचेच शब्द होते. आयुष्यात त्याने ते एकाच माणसाला सांगितले होते. बायकोला.

ती बाजारात गेली असताना धाकटी बहीण आली. त्याने मोबाईल तिच्या हातात दिला. "वाईट तेवढ्याच वाच."

बहीण बराच वेळ चाळत राहिली. "वाईट एकही नाही, दादा. सगळ्यांनी तुला डोक्यावर घेतलंय."

दुसऱ्या दिवशी बायकोने वाचलं, 'आंधळ्या, मर एकदाचा.'

"आज उत्तर देऊ," तो म्हणाला. "लिही. तुझी कूस रिकामी राहिली ते बरंच झालं. तुझ्या हाती लेकरू जगलं नसतं."

"बाईच आहे कशावरून?"

"बाईच आहे. लिही."

काचेवर नखं वाजली, थांबली, पुन्हा वाजली.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाखव."

तिने वाचलं. 'लेकरू'पाशी आवाज चिरकला, पण शेवटपर्यंत वाचलं.

आता हे रोजचंच झालंय. ती एक वाचते, तो एक सांगतो. त्याला कळलंय हे तिला कळलंय, पण दोघंही तसं म्हणत नाहीत. त्याला पुन्हा भूक लागते. वीण घट्ट येते.

काल ती म्हणाली, "आज राहू दे का?"

"का? आज कुणी काही लिहिलं नाही?"

तिने मोबाईल उचलला. मग वाचायला लागली.