भरून परतलेली टोपली

मित्रांनो, माझी वीण आता सैल झाली आहे आणि काठ दोन ठिकाणी उसवला आहे. तुटण्याआधी थोडे सांगून घेते. मी चामोर्शीकडची, बांबूची टोपली. आलापल्लीच्या जंगलातल्या पिकल्या बांबूच्या कामट्या काढून सोमाजी बुरुडाने मला विणले. त्याच्या बोटांना जुन्या चिरांचे वळ होते. विणताना तो बोलत नसे, म्हणून माझ्या अंगात पहिल्यांदा मुरली ती शांतता.

आठवडी बाजारातून ठमाबाईने मला घरी नेले. पूर ओसरला की वैनगंगा काठावर गाळाची मऊ मळई सोडून जाते. तिथे ठमाबाईची भाजीची वाडी होती. पहाटेच्या दवात ती माझ्यात वांगी रचायची, वर भेदरं, म्हणजे टोमॅटो, ठेवायची, कडेने सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या खोचायची आणि ओल्या फडक्याने मला झाकायची. मग आम्ही एस.टी.ने चंद्रपूरला निघायचो. ती आत, मी टपावर. कंडक्टर दर खेपेला विचारायचा, "ठमाबाई, टोपलीले तिकीट काढा लागते ना?" आणि ती शांतपणे म्हणायची, "टोपलीले बसाले जागा दे, मंग काहाडीन."

चंद्रपूरला कोळशाच्या खाणीजवळ धुरपताबाईची खानावळ होती. पाळी संपवून आलेली माणसे काळ्या हातांनी दारात उभी राहत, हात धूत आणि ठमाबाईच्या वांग्यांची भाजी पुन्हा मागत. जमिनीच्या पोटात उतरणाऱ्या त्या माणसांना जमिनीच्या पाठीवरचे हिरवेपण मी पोहोचवते, याचा मला गर्व होता. कोणाकडून भरून आलेली टोपली रिकामी परत देऊ नये, असा धुरपताबाईच्या माहेरचा रिवाज. त्यामुळे परतताना माझ्या तळाशी कधी गुळाचा खडा असे, कधी मूठभर सुक्या मिरच्या.

सन चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात वांगी लहान पडू लागली. सलग दोन वर्षे पुराने गाळ कमी टाकला होता. माती उपाशी आहे, तिला घालायला काही उरले नाही, असे ठमाबाई एकदा खानावळीच्या ओट्यावर बसून सहज बोलून गेली.

पुढच्या खेपेला ती मीठ आणायला गेली असताना धुरपताबाईने मला काठोकाठ भरले आणि फडके घट्ट बांधले. ठमाबाई आली तेव्हा गाडी सुटायची वेळ झाली होती. दोघींना बोलायला सवड मिळाली नाही. आज काहीतरी मोठी भेट आहे, असे समजून ठमाबाईने मला हौसेने डोक्यावर घेतले.

घरी अंगणात, शेजारणींसमोर तिने गाठ सोडली. आत कांद्याची साले, भाज्यांचे देठ, पालेभाजीची मुळे आणि राख होती.

ठमाबाईची म्हातारी आई अंजनाबाई पाहत होती. ती उठून आत गेली. तिच्या तरुणपणी साऱ्या गावाची घाण तिच्या डोक्यावरच्या टोपलीतून वाहिली जाई. छप्पन साली बुद्धाला शरण गेल्यावर तिने ती टोपली अंगणात जाळली होती. तीही माझ्यासारखी बांबूचीच होती. मित्रांनो, माझ्यात उष्ट्याचे एक शीतही नव्हते. सारे निवडून, झटकून भरलेले होते. पण टोपलीला ते सांगता येत नाही.

तीन बाजार ठमाबाई चंद्रपूरला गेली नाही. भेदरं झाडावरच फुटली. मी कुंपणाशी पालथी पडून राहिले.

चौथ्या बाजाराच्या दिवशी धुरपताबाई एस.टी.तून उतरली. डोक्यावर पोते घेऊन ती विचारत विचारत दारात आली. भाजी काऊन बंद केली, असे तिने विचारले.

ठमाबाई उंबरठ्यावरून हलली नाही. "गावचा कचरा आमच्या डोक्यावर राहे, ते दिवस मायनं जाळून टाकले, बाई. तुमी मले तोच बांधून देल्ला."

धुरपताबाईचा चेहरा उतरला. तिने डोक्यावरचे सालांचे पोते खाली उतरवले.

"तू म्हनली माती उपाशी हाये. मले वाटलं, खत होईल. तुले इचारलं नाई, हे माझं चुकलं. माझं मीच नेऊन टाकतो, वाडी कुठी हाये ते दाखव."

तिने मला उचलले, पोते माझ्यात रिकामे केले आणि मला स्वतःच्या डोक्यावर घेतले. गल्लीतली माणसे दारात येऊन पाहू लागली. ती वाकून चार पावले चालली असेल, तोच आतून अंजनाबाई बाहेर आली.

"उतरव ते," ती म्हणाली. "कोनाच्याच डोक्यावर नोको. दोघी दोन कडेनं धरा."

धुरपताबाईने मला खाली उतरवले. मग ठमाबाई उंबरठा उतरली आणि तिने माझा दुसरा काठ धरला. दोघी मला नदीकाठच्या वाडीत, खताच्या खड्ड्यापाशी घेऊन गेल्या. खड्ड्यात साले ओतताना ठमाबाईने चिमूटभर राख बोटांत चोळून पाहिली. "दगडी कोयशाची आनू नोको, बाई. चुलीची चालते." परतल्यावर अंजनाबाईने धुरपताबाईला चहा दिला.

त्यानंतर चार वर्षे मी भरून गेले आणि भरून परतले. धुरपताबाई मला स्टँडपर्यंत धरू लागे. साले कुजून काळी, मऊ माती झाली आणि तिसऱ्या हिवाळ्यात वांग्यांनी पुन्हा अंग धरले. आता शहरात प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आहेत. त्या हलक्या आहेत, पण कुठून आलो आणि कुठे परत जायचे, हे त्यांना ठाऊक नसते.

मित्रांनो, एवढेच मागते. तुमच्या स्वयंपाकघरातले देठ आणि साले निवडून ठेवा; ती मातीची आहेत, तिला परत द्या. मात्र ज्याच्या हाती द्याल त्याला आधी विचारा. आणि ओझे उचलायची वेळ आली, तर एक कड तुम्ही धरा.