तिसऱ्या ओळीतला डिफेंड

"ए डिफेंड, तू मेनूत नुसती जागा अडवायला बसलायस का?"

हा प्रश्न केयाने मला भर बेसमेंटमध्ये, स्क्रीनकडे बोट दाखवून विचारला. रुही आणि मिहीरने तिला डेअर दिलं होतं, "मोठ्यांदा विचार, हिंमत असेल तर!" तिघंही खिदळली.

मित्रांनो, मी पाळीपाळीने लढायच्या गेममधला एक जुना पर्याय आहे. वर अटॅक, मग मॅजिक आणि तिसऱ्या ओळीत मी. मला निवडलं की त्या पाळीत वार करता येत नाही, पण बसणारा मार निम्मा होतो. बस, एवढंच माझं आयुष्य!

मला बनवणाऱ्यांनी अटॅकला ठिणग्या दिल्या, मॅजिकला संगीत दिलं. मला दिला एक 'टुक्' आवाज. मी थकलोय, पण कामाने नाही, वाट बघून. माझ्यावर बोट पडतं ते बहुतेक चुकून. मग ऐकायचं, "शी! पाळी वाया गेली."

केयाही तशीच. सदा अटॅक! अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातल्या त्या घरात तिचा आठवडाही तसाच: शाळा, डिबेट, डान्स आणि शनिवारी सकाळी मॅथ टीम, म्हणजे गणिताच्या स्पर्धांची तयारी. हल्ली ती कंट्रोलर हातात धरूनच पेंगायची. मॅथ टीमच्या पुढच्या सीझनला नाव द्यायचं का, हे तिला आज बाबांना सांगायचं होतं. तिचं 'हो' सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

समोर हिमराक्षस होता. हा एका पाळीला नुसता श्वास भरतो आणि पुढच्या पाळीला अशी फुंकर घालतो की सगळे गार. तो छाती फुगवून उभा असतो, नेमका तेव्हाच मुलांना चेव येतो.

"मार यार, थोडाच उरलाय!" मिहीर ओरडला.

"दर वेळी थोडाच उरतो आणि मरतो आपणच," केया म्हणाली आणि तिने चारही योद्ध्यांसाठी मला निवडलं.

"चौघांनाही? अगं, वेडी झालीस?" रुही किंचाळली.

फुंकर आली. चौघंही वाकली, पण पडली नाहीत. पुढच्या पाळीला औषध, त्यापुढच्या पाळीला वार, आणि राक्षस कोसळला! टाळ्या अर्थात अटॅकला मिळाल्या. चालायचंच.

मित्रांनो, मला रोज निवडू नका. नुसतं मला निवडून कुणी जिंकत नाही. पण समोरचा श्वास भरताना दिसला, तर त्या एका पाळीला वाया गेली म्हणू नका. एवढी विनंती आहे.

रुही आणि मिहीर घरी गेले. आई जिना उतरून आली, मागून बाबा.

"मग केया, नाव देतोय ना? या वेळी स्टेट लेव्हलच्या स्पर्धेला जायचा चान्स आहे," बाबा म्हणाले.

केयाने कंट्रोलर खाली ठेवला.

"असेल, बाबा. मला मॅथ आवडतं, आणि ते तसंच आवडत राहायला हवंय. म्हणून आई, बाबा, मी ठरवलंय. पुढच्या सीझनला मी टीममध्ये नाहीये. शनिवारी सकाळी मी झोपणार आहे."